जुन्नरच्या कातळावरची नावे

आम्ही कारकून माणसे. वर्षभर दुसऱ्यांची नावे रजिस्टरात लिहायची, बेरजा मारायच्या आणि महिनाअखेर पगाराच्या पावतीवर स्वतःचे नाव बघायचे. नावाची किंमत काय, याचा विचार करायला सवड मिळत नाही. या वेळी २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला आणि आम्ही सहकुटुंब जुन्नर-आंबेगावची वाट धरली. मनात दोन गोष्टी होत्या. सौभाग्यवतींचे माहेर आंबेगाव तालुक्यात, तिथे जाऊन तीन वर्षे झाली होती. दुसरी गोष्ट घरातली होती. ती सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय या प्रवासाचा अर्थ लागायचा नाही.

आमचा थोरला कॉलेजात आहे. गेले वर्षभर तो स्वतःची ओळख करून देताना फक्त पहिले नाव सांगतो. आडनाव विचारले की विषय बदलतो. एकदा मित्र घरी येणार म्हणून त्याने बाहेरच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. आम्ही काही बोललो नाही. रात्री फोटो पुन्हा जागेवर लावला, तेव्हा तो खाली मान घालून जेवत होता. धाकटी आठवीत आहे. रंगाने ती आमच्या आईवर गेली आहे, सावळीपेक्षा काळीच. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच तिला सगळ्यांत चांगला येत असताना तिला मागच्या रांगेत उभे केले. कारण कोणी सांगितले नाही, पण पोरीला ते कळले. त्या दिवसापासून ती उन्हात जायचे टाळते.

वाचक बंधू-भगिनींनो, अशा गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात घडत असतील. पोराला रागावून स्वाभिमान येत नाही. म्हणून म्हटले, चला, जरा डोंगर चढून येऊ.

वाटेवर

पिंपरीहून भोसरीला आलो आणि नाशिक रस्त्याची एस. टी. पकडली. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि सत्तरी ओलांडलेली आमची आई. चाकण मागे पडले, राजगुरुनगर आले. हा खेड तालुका. याच तालुक्यातल्या पूर या गावी १९४९ साली नामदेव ढसाळांचा जन्म झाला. पुढे १९७२ साली मुंबईत त्यांनी राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांबरोबर दलित पँथर उभी केली. पँथर हे नाव आले अमेरिकेतून. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला होता. त्याच काळात तिकडचे लोक म्हणू लागले होते की काळे ते सुंदर. ज्या कातडीबद्दल शतकानुशतके चाबूक खाल्ला, तिच्याबद्दलच अभिमान धरायचा असे त्यांनी ठरवले.

हे आम्ही धाकटीला सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. ऐकत होती की नाही, कोण जाणे.

आपला आणि त्या लोकांचा धागा पँथरच्याही आधीचा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले ते अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्याच महात्म्याचे सत्यशोधक या जुन्नर तालुक्यात जोरात होते. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीशिवाय लग्ने लावली म्हणून जोशांनी दावा ठोकला आणि तो दावा थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. आपल्या घरातले कार्य आपण आपल्या हाताने करायचे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत होती. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्या विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही काळ्यांची वस्ती. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर नेते डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली आणि अस्पृश्यांची स्थिती काळ्यांच्या स्थितीशी किती मिळतीजुळती आहे, हेही कळवले. डुबॉइसनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दोन दूरच्या देशांतल्या दोन शिकलेल्या माणसांनी एकमेकांचे दुःख पत्रातून ओळखले.

नारायणगावला चहासाठी उतरलो. हे तमाशाचे गाव. हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. आमच्या घरात तमाशाला मान नव्हता. बाबासाहेबांची शिकवण आली आणि आमच्या वडिलांनी ढोलकीकडे पाठ फिरवली. तरीही इथे एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बघा, जातीवरून शिवी द्यायची तो शब्द या बाईने लपवला नाही. बापाच्या नावाबरोबर तो फडाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावला आणि त्याच नावावर महाराष्ट्र गाजवला. २००२ साली त्या गेल्या. शेवटचे दिवस हलाखीत गेले, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

थोरल्याने एवढेच विचारले, “बाबा, त्यांनी नाव बदललं का नाही?”

आम्ही म्हटले, “तूच विचार कर.”

लेण्याद्रीच्या पायऱ्या

जुन्नरला उतरून कुकडी नदी ओलांडली की समोर लेण्याद्रीचा डोंगर. जवळजवळ तीनशे पायऱ्या. आई म्हणाली, “मी खालीच बसते, तुम्ही बघून या.” पण धाकटीने आजीचा हात धरला आणि दोघी टप्प्याटप्प्याने वर आल्या. माकडांपासून पिशव्या सांभाळाव्या लागतात, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ही तीसेक लेण्यांची रांग. सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे, म्हणजे अष्टविनायकांपैकी एका गणपतीचे ठाणे आहे. आलेली गर्दी सगळी तिकडे. ते दालन मुळात भिक्खूंचा विहार. मधे एकही खांब नाही आणि तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या राहायच्या खोल्या. लोक रांगेत उभे राहून दर्शन घेतात आणि उतरतात. रांगेतला एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होता, “ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली.”

आम्ही वाद घातला नाही. त्या गृहस्थाची श्रद्धा त्याच्यापाशी. पण शेजारच्या सहाव्या लेण्यात गेलो. तिथे कोणी नव्हते. आत चैत्यगृह, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांच्या डोक्यावर हत्ती-सिंह, आणि समोर स्तूप. बुद्धमूर्ती नाही, कारण त्या काळी या डोंगरांत तथागतांची मूर्ती कोरत नसत, स्तूपालाच वंदन करीत. आम्ही पाचही जणांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज घुमला. आईच्या डोळ्यांतून पाणी आले.

या चैत्याच्या दारावर ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असा तिचा अर्थ. कल्याणचा माणूस इथे कसा? कल्याण हे बंदर, आणि तिथला माल घाटावर यायचा तो नाणेघाटातून. त्या घाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. घाट चढून आल्यावर पहिले मोठे गाव जुन्नर. व्यापारी इथे थांबत, भिक्खू पावसाळ्यात इथे राहत. म्हणून जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत मिळून शंभरावर लेणी झाली. शिवनेरीच्या कड्यात, मानमोडीत, पश्चिमेला तुळजा लेण्यांत. तुळजा लेण्यांत तर बारा साध्या खांबांच्या मधे स्तूप असलेले गोल चैत्यगृह आहे.

पांडवांनी एका रात्रीत केले म्हटले की, ज्यांनी पिढ्यान् पिढ्या छिन्नी चालवली आणि ज्यांनी गाठीचे पैसे दिले, त्यांची नावे पुसली जातात. ती नावे मात्र कातळावरच आहेत. आपल्याला वाचता येत नाहीत, एवढेच.

यवन, शक, बुरूड, तांबट

लेण्याद्रीहून मानमोडीला गेलो. तिथल्या एका गटाला लोक भूत लेणी म्हणतात. जिथे आपले पूर्वज ध्यान करीत तिथे भूत राहते, असे नाव पडले. कालाचा महिमा! वाट अवघड आहे, मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर लावून जाऊ नये, उदबत्ती पेटवू नये आणि आरडाओरडा करू नये. आई आणि सौ. खालीच थांबल्या. आम्ही मुलांना घेऊन वर गेलो.

चैत्याच्या दर्शनी भागावर हत्तींच्या मधे लक्ष्मी कोरलेली आहे आणि तिथेच एक लहानसा लेख आहे. तो सांगतो की हे दान ‘यवन’ चंद याचे. यवन म्हणजे ग्रीक, समुद्रापलीकडचा. थोरला चमकला. म्हणाला, “म्हणजे फॉरेनर?”

होय. आणि हा एकटा नव्हे. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाचा लेख आहे. त्याने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदून दिल्या. तिसरा यवन चिट, त्याने संघाला भोजनमंडप दिला. आडुथुम नावाच्या एका शकाने, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या कुळातल्या माणसाने, करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमीन दिली. क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने मानमोडीवर पोढी आणि मंडप दिला. तो राजाचा मंत्री. आणि त्याच जुन्नरात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत कारागिरांची संघटना. एका लेखात वंसकार आणि कासाकार यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. त्यांच्याकडे धर्मकार्यासाठी पैसा ठेव म्हणून ठेवला होता. वंसकार म्हणजे बांबूकाम करणारे, आपले बुरूड. कासाकार म्हणजे काशाची भांडी घडवणारे. ज्यांच्या हाताला पुढे समाजाने हलके ठरवले, त्यांच्या संघटनेवर विश्वास टाकून लोक त्या काळी पैसे ठेवत होते. आजच्या बँकेसारखे. आम्ही बी. कॉम. झालेले, हिशेबाची माणसे. आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटली. आणखी एका लेखावरून शहरात भिक्खुणींसाठी उपाश्रय होता असे दिसते. म्हणजे बायकाही घराबाहेर पडून शिकत होत्या.

आता मुद्दा असा. मंत्री असो, समुद्रापलीकडचा माणूस असो की धान्याचा व्यापारी, कातळावर सगळ्यांच्या दानाला शब्द एकच आहे, ‘देयधम’. मंत्र्याच्या दानाला मोठा शब्द आणि दुकानदाराच्या दानाला लहान शब्द असे नाही. आणि तरीही कोणाला आपली ओळख लपवावी लागली नाही. यवनाने लिहिले की मी यवन. शकाने लिहिले की मी शक. श्रेणीने आपला धंदा लिहिला. सारखेपणा म्हणजे नाव पुसणे नव्हे. नावासकट बरोबरीने बसणे.

एक गोष्ट आम्ही दोघा मुलांना मुद्दाम सांगितली. आपल्यातले काही जण म्हणतात, आम्ही नागवंशी, आमचे रक्त वेगळे. नागपूरच्या दीक्षेनंतर १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांची आठवण काढली होती, कारण त्यांनी बुद्धाचा धम्म पसरवला. म्हणजे अभिमान रक्ताचा नव्हे, कामाचा. जात ही वंशातून आली या समजुतीला तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त सुरुंग लावला. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा कोणी आपल्याला रक्तावरून हलके म्हणाले, तर आपण रक्तावरून स्वतःला थोर म्हणायचे नाही. तो त्यांचाच खेळ झाला. आपण म्हणायचे, आम्ही काय केले ते बघा आणि आम्हाला करू द्या.

पाणी

वर एका पोढीत पाणी होते. हिरवट, पण थंड. तिच्या काठावर बसलो.

इरिल यवनाने पाण्याच्या दोन टाकी खोदून दिली, त्याला सुमारे दोन हजार वर्षे झाली. ते पाणी कोणी प्यायचे आणि कोणी प्यायचे नाही, असे त्याने लिहिले नाही. आणि याच महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी माणसाने माणसासारखे पाणी प्यावे म्हणून बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. परक्या देशातून आलेल्याने पाणी दिले आणि देशातल्याच भावांनी अडवले. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात एका पानावर शेजारी शेजारी छापला पाहिजे.

थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, वाचता यायला पाहिजे हे.” ब्राह्मी लिपी शिकायला फार अवघड नाही, हे आम्ही त्याला सांगितले. हौसेने शिकणारे तरुण आता पुष्कळ आहेत. आपल्या पोरांनी ती शिकावी आणि लेण्यांवर येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गणपतीच्या दर्शनाला आलेला असो, आदराने सांगावे की दादा, इथे हे लिहिले आहे. भांडणापेक्षा हे काम मोठे आहे.

काळा सेनापती

रात्री जुन्नरात मुक्काम केला. रविवारी सकाळी गावाच्या पूर्वेला हापूसबागेकडे फिरायला गेलो. तिथे एक जुना, भव्य घुमट आहे, त्याला सौदागर घुमट म्हणतात. हापूसबाग हे नाव हबशीबागेवरून पडले, असे सांगतात. हबशी म्हणजे आफ्रिकेतला काळा माणूस. धाकटी म्हणाली, “इथे कुठून आले ते?”

मग तिला मलिक अंबरची गोष्ट सांगितली. शिवनेरीवर १६३० साली शिवराय जन्मले, हे सगळ्यांना माहीत असते. त्याच्या आधी तेवीसेक वर्षे, १६०७ च्या सुमारास, जुन्नर ही निजामशाहीची राजधानी होती आणि इथून कारभार बघणारा वजीर काळा आफ्रिकन होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

मलिक अंबरचा जन्म इथिओपियातला, १५४८ च्या सुमाराचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार, धन्यामागून धनी. बगदादहून दख्खनेत आणला गेला, तो अहमदनगरच्या चंगीजखानाकडे. तो चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच. धनी मेल्यावर अंबर सुटला, शिपाईगिरी केली, स्वतःचे घोडदळ उभारले आणि शेवटी निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. लढाया त्याने जिंकल्या तशा हरल्याही, पण तो जिवंत असेपर्यंत मोगलांना निजामशाही गिळता आली नाही. जमिनीची मोजणी करून त्याने सारा ठरवला. खडकी म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर त्यानेच वसवले आणि त्या शहराला जमिनीखालून नळ घालून पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी. पुन्हा पाणीच बघा! १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता की त्याने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या तोंडावरून शिव्या दिल्या आहेत. लढाईत डोके हाती लागेना, तेव्हा दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. त्यात जहांगीर अंबरच्या भाल्यावर लावलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. चित्र निघाले तेव्हा अंबर दख्खनेत धडधाकट होता!

हे ऐकून धाकटी मोठ्याने हसली. पुष्कळ महिन्यांनी ती अशी हसली. म्हणाली, “म्हणजे चित्रातच मारलं!”

आम्ही म्हटले, “होय बाळ. ज्याला खरे हरवता येत नाही, त्याला लोक रंगावरून हिणवतात.”

परत येताना ती उन्हातूनच चालली. आम्ही तिला टोपी घाल म्हणणार होतो, सौ.नी खुणेने गप्प राहायला सांगितले.

आत्याबाईंचे गाव

दुपारी मंचर गाठले आणि तिथून जीप करून सासुरवाडीला. आंबेगाव तालुका म्हणजे पश्चिमेला भीमाशंकरचे जंगल, आदिवासींच्या वाड्या आणि हिरड्याची झाडे, पूर्वेला बागायत. मधे घोड नदीवर डिंभे धरण. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने गाव या धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला. पाणी पूर्वेच्या शेतांना मिळाले, पण ज्यांची घरे बुडाली त्या महादेव कोळी बांधवांच्या वाट्याला किती आले, हा प्रश्न अजून विचारावा लागतो. आपला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न वेगळा नाही. वाटा द्या, एवढेच दोघांचे म्हणणे.

सौ.च्या आत्याबाई नव्वदीला टेकल्या आहेत. मुलांना जवळ घेऊन बसल्या. म्हणाल्या, “आमच्या वक्ताला हिरीवर जायची चोरी व्हती, बाळांनो. लांब उभं ऱ्हायाचं. कुनाला दया आली तर वरनं पानी वतायची. नाय आली तर रिकामी घागर. छप्पन सालाला बाबासायबांनी धम्म दिला, आन् तुमच्या आज्यानं मेलेली ढोरं वढायचं सोडलं. गावानं वाळीत टाकलं, दळन बंद केलं. तरी नाय वढली.”

थोरल्याने विचारले, “आत्याआजी, भीती नाही वाटली?”

“वाटली की. पर भुकंपरीस ती बरी.”

आत्याबाईंची नातसून ग्रामपंचायतीत सदस्य आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने खेड्यातल्या पंचायतीत दलित, आदिवासी आणि स्त्रियांना राखीव जागा आल्या. २०११ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. सून दहावी शिकलेली, कष्टाळू. पहिले सहा महिने ठरावाचे रजिस्टर शिपायाबरोबर घरी यायचे, तिने फक्त सही करायची. एके दिवशी तिने रजिस्टर परत पाठवले. निरोप दिला, “मी हापिसात येईन, वाचीन आणि मग सही करीन.” कुजबूज झाली, पण आता रजिस्टर घरी येत नाही.

तिची अडचण निराळीच होती. गावात नवी पाण्याची टाकी झाली. टाकीवर फलक लावला, त्यावर पंचायतीच्या सदस्यांची नावे आहेत. हिचे नाव नाही. विचारले तर उत्तर मिळाले, “जागा पुरली नाही.” घरातलेच काही म्हणाले, पाणी येते आहे ना, मग नावासाठी कशाला वाईटपणा? सून म्हणाली, “मामा, पाणी येतंय हे खरं. पण टाकी व्हावी म्हणून मीपण हात वर केला होता. तुम्ही सांगा, माझं चुकतं का?”

आम्ही उत्तर देण्याच्या आधीच थोरला बोलला. “नाही चुकत, वहिनी. जुन्नरला डोंगरावर पाण्याच्या टाकीशी इरिलचं नाव आहे. दोन हजार वर्षं आहे. त्याला जागा पुरली.”

घरात सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना इरिल कोण ते ठाऊक नव्हते. मग त्याने सगळी हकीकत सांगितली. आत्याबाईंनी दोनदा विचारले, “अन् त्यो परदेशातला?”

दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी. झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. रात्री सुनेने अर्ज लिहायला बसायचे ठरवले. तिचे अक्षर वळणदार नाही म्हणून ती लाजत होती. थोरल्याने कागद ओढून घेतला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. मागणी एकच: फलकावर सर्व सदस्यांची नावे असावीत आणि ज्यांनी टाकीचे खोदकाम केले त्या मजुरांचाही उल्लेख असावा. ही दुसरी मागणी सुनेचीच. खोदकामाला वस्तीतले आणि ठाकरवाडीतले लोक होते. खाली तिने सही केली. अर्ज लिहिणाऱ्याने आपले नाव द्यायची जुनी पद्धत आहे. थोरल्याने सगळ्यांत शेवटी लिहिले, ‘अर्ज लिहिणार’, आणि पुढे आपले नाव. पहिले नाव, बापाचे नाव, आडनाव. तीनही, स्वच्छ अक्षरांत.

आम्ही काही बोललो नाही. या वेळी तो वर मान करून बसला होता.

ग्रामसभेत अर्ज वाचला गेला. ग्रामसेवकांनी तो दाखल करून घेतला आणि पुढच्या मासिक सभेत विषय घेऊ म्हणाले. हे लिहीत असताना फलक तसाच आहे. सुनेने पोच जपून ठेवली आहे आणि ती पुढच्या सभेला जाणार आहे. हक्काच्या गोष्टी एका अर्जात होत नसतात, हे आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. तरी अर्ज दाखल झाला, त्यावर आवक क्रमांक पडला. कारकून म्हणून सांगतो, ज्या कागदावर क्रमांक पडतो तो सहजासहजी हरवता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी

ज्यांना सहकुटुंब जायचे आहे त्यांनी थंडीत जावे. पुण्याहून जुन्नर नव्वदेक किलोमीटर, एस. टी. ची चांगली सोय आहे. लेण्याद्रीला म्हातारी माणसे सावकाश चढू शकतात; मानमोडी आणि तुळजाला वाटाड्या घ्यावा. लेण्यांच्या भिंतींवर स्वतःची नावे कोरू नयेत, रंगाने ‘जय भीम’ही लिहू नये. ज्या भिंतीवर आपल्या पूर्वजांची अक्षरे आहेत तिला आपणच इजा करायची नाही. नावे लिहायची ती ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात, यात्रेच्या कमिटीत, सोसायटीच्या सभासद यादीत, कॉलेजच्या पटावर आणि मतदार यादीत.

बाबासाहेबांचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीतच आहे. परवा थोरल्याचे मित्र आले तेव्हा त्यातल्या एकाने फोटोकडे पाहिले आणि थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाला, “आमच्या घरी हे असतात.”

जय भीम!